सहीत खोट नव्हती

"कागद पुन्हा करून मागवावा लागेल," मी म्हणालो. "मस्कतच्या सहीत गडबड आहे."

समोर सुमनक्का होत्या, निवृत्त शिक्षिका. इथलं मळमड्डीतलं घर त्यांच्या आणि धाकट्या बहिणीच्या, शैलाच्या, नावावर. शैला मस्कतला नर्स. घर विकायचं म्हणून तिने अक्कांना पॉवर ऑफ अटर्नी दिली होती, म्हणजे माझ्या वतीने तू सही कर असं लिहून दिलं होतं. दूतावासातल्या अधिकाऱ्यासमोर सही, शिक्का, सगळं चोख.

चूक माझी होती. परदेशात केलेला असा कागद इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत जिल्हा नोंदणी कार्यालयात नेऊन स्टॅम्प ड्यूटी भरावी लागते. कागद ज्येष्ठाच्या सुरुवातीला आला. अक्का म्हणाल्या, आषाढात व्यवहार नको. त्यापुढे अधिक श्रावण. मी फाइल कपाटात ठेवली. व्यवहार थांबला तरी मुदत थांबत नाही, हे वीस वर्षं वकिली केलेल्याला कुणी सांगायचं? दंड भरून तोच कागद चालवता आला असता. पण मग विसरलो म्हणावं लागलं असतं.

अक्कांनी माझ्या ऑफिसातूनच शैलाला फोन लावला. कागद दिला तरी शैलाला मनातून घर विकायचं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"मुद्दाम केलंस ना? एवढी शिकलेली तू, एक सही धड करता येत नाही?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. मी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो.

शैलाने रजा काढून पुन्हा सही केली. कागद आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टॅम्प करून घेतला. खरेदीपत्र झालं. पुढे ती सुट्टीत आली ती गावातच सप्तापूरला मैत्रिणीकडे उतरली. अक्कांकडे गेलीच नाही. मला मात्र भेटायला आली.

"सर, माझ्यामुळे तुम्हाला डबल काम झालं. सॉरी."

"इर्ली बिड्री," मी कानडीत म्हणालो. असू द्या. म्हणजे वर मीच तिला माफ केलं.

गेल्या महिन्यात अक्कांकडे जाऊन खरं सांगितलं. त्या उठून आत गेल्या. कोरा कागद घेऊन आल्या.

"लिहून द्या, वकीलसाहेब. तिला पाठवते. माझं ती आता ऐकायची नाही."

लिहून दिलं. शैलाचं उत्तर अजून नाही.

परदेशातून कागद आला की महिना कुठला ते बघू नका, आधी स्टॅम्प करून घ्या. मुदत चुकलीच तर पक्षकाराला त्याच दिवशी सांगा. कागद दंड भरून चालतो.