भाऊजींच्या गाडीचं ॲव्हरेज

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चष्म्याचं दुकान चालवतात. डोळ्याला भिंग लावायचं, मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरायचा आणि श्वास रोखून तो काडीत बसवायचा, यात त्यांची उमर गेली. अशा माणसानं घरी गाडी आणली ती एवढी मोठी की गल्लीनं त्याच संध्याकाळी तिला नाव ठेवलं, रणगाडा. नावं ठेवायला आमची गल्ली कधी वेळ लावत नाही.

गाडी सात जणांची आणि घरात माणसं दोन. भाची नोकरीसाठी परगावी गेलेली. बाकीच्या पाच जागांवर कोण बसणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "ज्याची त्याची आवड असते."

हे वाक्य त्या दिवसापासून घरात कायमचं मुक्कामाला आलं.

त्यांचं दुकान दोन वळणांवर. ताईनं जरा जोरात हाक मारली तर तिथं ऐकू जाईल. पण आता गाडी असताना पायी जायचं कसं? दुकानासमोर रणगाडा मावेना, म्हणून तो विरुद्ध दिशेच्या मैदानाशी लावायचा आणि तिथून दुकानापर्यंत चालत यायचं असं ठरलं. वाटेत स्वतःचंच घर लागायचं. घरावरून जाताना भाऊजी ताईला हात करायचे, आणि ताई बिचारी रोज उलटा हात करायची.

आमच्याकडे नवी गाडी दिसली की माणूस रंगाचं कौतुक नंतर करतो. आधी विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" म्हणजे लिटरमागे किती धावते. दूधवाल्यानं विचारलं, दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या आजोबांनी तर पाटीवरची अक्षरं वाचता वाचता विचारलं. प्रत्येक वेळी भाऊजींचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा व्हायचा.

"ॲव्हरेज स्कूटरवाल्यांनी विचारावं," असं ते एकदा माझ्या स्कूटरकडे बघत म्हणाले. मी टपाल कचेरीत खिडकीवर बसते, रोज शेकडो लोकांचं ऐकून घेते, पण भाऊजींचं ऐकून घ्यायचा पगार मला मिळत नाही.

"पण पिते किती ते तरी सांगा," मी म्हणाले.

"गाडी माझी, डिझेल माझं, आवड माझी. तुझ्या का पोटात दुखतं?"

"पोटात नाही हो, नाकात जातं. आवड तुमची खासगी आहे, पण धूर सगळ्या गल्लीला वाटता."

"मेव्हणीबाई, तुम्हाला मोठं काही बघवतच नाही."

हे खरं असेलही. पण हे सगळं थट्टेवारी नेण्यासारखं होतं. माझं डोकं फिरलं ते फाटकापाशी.

ताईच्या घराला छोटं अंगण आहे, आणि फाटकाला लागून एक खोली होती. त्या खोलीत ताई शिवण शिकवायची. भिंतीला लाकडी फळी, तिच्यावर कापड बेतायचं, खिडकीशी मशीन, आणि सतरंजीवर तुरपाई करत बसलेल्या सहा मुली. त्या खोलीत ताई कुणाची बायको नव्हती आणि कुणाची आईही नव्हती. तिथं ती नुसती 'बाई' होती, आणि बाईंचा शब्द शेवटचा असायचा. बाकीच्या घरात तो मान तिला कधी मिळाला असं मला आठवत नाही.

गाडी घेण्याआधी भाऊजींनी फाटक मोजलं, गवंड्याच्या लोखंडी टेपनं. शोरूमला जाताना मात्र ताईच्या डब्यातली कापडी टेप खिशात टाकून नेली आणि त्या टेपनं गाडी मोजली. ती टेप जुनी, ताणून ताणून सैल झालेली. ताईनं ती वेलाला आधार बांधायला बाजूला काढून ठेवली होती. सैल टेपेवर मोठी वस्तू लहान भरते, हे शिवणाला येणाऱ्या मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगतात. पाव नंबरचा फरक ओळखणाऱ्या आमच्या भाऊजींना घरातल्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आवड त्यांची ना.

गाडी आली आणि फाटकात अडकली. आरसे मिटून पाहिले, भाऊजींनी स्वतःचं पोटही आत ओढून पाहिलं. नाक अंगणात आणि बाकीचा रणगाडा गल्लीत. मागे रिक्षांचे भोंगे सुरू झाले. मग खांब पाडायचं ठरलं. खांब होता ताईच्या खोलीच्या भिंतीत. खांब पाडला तर गाडी आत आली, पण शेपूट बाहेर राहिली. मग भिंत पाडली. मग नुसत्या तीन भिंतींची खोली बरी दिसेना, म्हणून तीही गेली.

"तात्पुरतं आहे," भाऊजी म्हणाले. "मागच्या बाजूला नवी खोली काढू."

त्यांनी गाडी आपल्या आवडीनं घेतली आणि ती बेतली ताईच्या खोलीवर.

मशीन जिन्याखाली गेलं. तिथं मान ताठ केली तर पायरी लागते. फळी माळ्यावर चढली. मुली थोडे दिवस गाडी आणि कुंपणाच्या फटीत उभ्या राहून तुरपाई करत होत्या. मग दोघींनी चौकातला दुसरा क्लास धरला. उरलेल्या चौघी "बाई, पुढच्या महिन्यात खोली होईल ना?" विचारायच्या, आणि ताई "होईल की" म्हणायची. तिचा तो आवाज ऐकून मला इतका संताप यायचा की मी स्कूटरला लाथ जरा जास्तच जोरात मारायची.

आणि ज्या गाडीसाठी एवढं झालं, ती? ती अंगणातच उभी. टाकी भरली की भाऊजींची झोप उडायची. आधी मैदानाची फेरी बंद झाली, मग गावाला जाणं बंद झालं. विचारलं की "सर्व्हिसिंगला टाकायची आहे" असं उत्तर. एके दिवशी मी बसमध्ये चढले तर मागच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून भाऊजी.

"गाडीला विश्रांती देतोय," ते म्हणाले.

"थकली असेल हो, उभी राहून राहून."

ते हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शाळेत मास्तर प्रगतिपुस्तकावर लिहायचे, ॲव्हरेज विद्यार्थी. दरवर्षी तेच. पुढेही सगळं तसंच, दुकान, घर, मी. वाटलं, एक तरी गोष्ट अशी घ्यावी की लोकांनी मान वर करून बघावं. तर लोक येऊन पहिला शब्द तोच उच्चारतात."

मला त्यांची दया आली, खरंच आली. उतरताना त्यांची पिशवीही मी धरली. पण घरी पोचले, जिन्याखाली वाकून बसलेली ताई दिसली, आणि आलेली दया आल्या पावली परत गेली. मोठं दिसायचं होतं ना, मग बायकोला वाकवून कशाला?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. भाऊजी पेपर वाचत होते. ताई हात पुसत समोर येऊन उभी राहिली.

"किल्ली द्या."

"कसली?"

"गाडीची."

"तुला चालवता कुठे येते? कुठे नेणार आहेस?"

"कुठेच नाही. तुम्ही तरी कुठे नेता?"

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. "अगं, पण कशाला हवी ते सांगशील का?"

"ज्याची त्याची आवड असते," ताई म्हणाली.

मी दारात होते. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. किल्ली ताईच्या हातात गेली.

मागची सीट आडवी झाली, तिच्यावर मशीन चढलं. डिकीचं दार वर उघडलं की वर छप्पर आपोआप. चौघी मुली सीटवर ऐसपैस मांडी घालून तुरपाईला बसल्या. आणि ते अवाढव्य बॉनेट, ज्यासाठी एवढं डिझेल जळायचं, त्यावर सतरंजी घालून ताईनं कापड बेतायला घेतलं. फळीपेक्षा ते रुंद निघालं. महिनाभरात चौकात गेलेल्या दोघी परत आल्या. सहा मुली आणि सातव्या बाई. रणगाडा प्रथमच भरला.

परवा मी गेले तेव्हा भाऊजी फाटकाशी उभे होते. शेजारच्या घरी आलेला कुणी पाहुणा थांबला, मान वर करून गाडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वा, दणकट आहे. ॲव्हरेज काय देते?"

भाऊजींनी टोपी डोळ्यांवर ओढली.

डिकीतून, मशीनवरचा हात न थांबवता, ताई म्हणाली, "दिवसाला तीन फ्रॉक. सगळ्या मुली आल्या तर चार."