दिवा लावला की पंखा थांबायचा

खुर्चीवर चढून वायरीला हात लावण्याआधी अप्पा मोठ्यानं विचारायचे, "बंद?" मेन स्विचपाशी उभ्या असलेल्या माणसानं "बंद" म्हटल्याशिवाय त्यांचा हात खिशातून बाहेर येत नसे. नुसती मान हलवून चालायचं नाही. एकदा त्यांनी माझ्या आत्याच्या यजमानांना मेनपाशी उभं केलं होतं. ते म्हणाले, "झालं हो." अप्पा वरूनच म्हणाले, "झालं म्हणजे काय, पाहुणे? चालू झालं की बंद झालं? करंट कोईनो सगो नथी." करंट कुणाचा नातेवाईक नसतो, हे ते नेहमी गुजरातीतच म्हणायचे. कामावरचं सगळं त्यांना गुजरातीतच सुचायचं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वायरमन होते. शाळा सातवीत सुटलेली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा लोकांना बढाई वाटते, वाटू दे. अप्पांनी क्वार्टरच्या भिंतीवर माझी डिग्री टांगली आणि तिच्यावर एक छोटा दिवा बसवला, वेगळ्या स्विचचा. कुणी चहाला आलं की आधी तो दिवा लागायचा. आई म्हणायची, "माझ्या देवांना एवढा उजेड नाही हो." पण घरात काम निघालं की तीच डिग्री माझी टिंगल व्हायची. "ओ ग्रॅज्युएट, पक्कड दे. पक्कड म्हटलं मी, पेचकस नाही." असं ओरडा खात खात मी वायरिंग शिकले.

ते निवृत्त झाल्यावर आम्ही मांजलपूरला फ्लॅटमध्ये आलो. तिथल्या बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा जळला, तेव्हा अप्पा मंगळ बाजारातून नवा घेऊन आले आणि दुपारीच बसवला. मी मकरपुऱ्याहून ऑफिस सुटून घरी आले, तर आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आज त्यांनी विचारलंच नाही गं. मीच आपली बंद, बंद म्हणत राहिले."

पंखा विचित्र वागत होता. दिवा लावला की थांबायचा. दिवा बंद केला की कण्हत कण्हत फिरायचा आणि बल्ब निखाऱ्यासारखा लालसर दिसायचा. अप्पांना एलईडीचा पांढरा उजेड आवडत नसे, म्हणून बाथरूमला अजून जुना पिवळा बल्बच होता. आई म्हणाली, "अंधारात आंघोळ करा, नाहीतर वाफेत करा. काय हवं ते निवडा." अप्पा हसले नाहीत. त्यांनी स्विच बदलला. मग दुसऱ्या स्विचवर घेऊन पाहिलं. शेवटी पंख्यातच खोट आहे म्हणून तो काढला आणि मला घेऊन दुकानात गेले.

दुकानदारानं काउंटरवरच्या बोर्डाला तो जोडला. पंखा भरधाव फिरला.

"काका, आ तो मस्त चाले छे."

"अहीं चाले छे. घरे नथी चालतो," अप्पा म्हणाले.

दुकानदारानं वाद न घालता दुसरा पंखा दिला. तो घरी बसवला, तर तोही तसाच. अप्पा मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले.

ते आत जाऊन आडवे झाल्यावर मी मेन बंद केला, स्टूल घेतलं आणि दाराच्या वरचा डबा उघडला. पंख्याची एक वायर स्विचला होती, ती बरोबर. दुसरी न्यूट्रलला जायला हवी, ती बल्बच्या फेजला जोडलेली. म्हणजे पंखा आणि बल्ब एकामागे एक, सिरीजमध्ये. शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात करतात ती चूक. गेले काही दिवस अप्पा ओळखीच्या रस्त्यावर वाट विचारत होते, आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं. स्टुलावर उभी राहून मी ती वायर पुन्हा एकदा टोकापर्यंत चाचपून पाहिली. माझे वडील चालले होते, आणि ते त्या डब्यात दिसत होतं.

"हे कोणी केलं?"

अप्पा मागे उभे होते. नजर डब्यात. "कुठल्या गाढवानं हे सिरीजमध्ये जोडलंय?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"मी, अप्पा," मी म्हटलं.

"तू? कॉलेजात काय कपाळ शिकलीस? पंख्याची दुसरी वायर कुठे जाते?"

"न्यूट्रलला."

"मग बल्बच्या पायात कशाला अडकवलीस?"

"चुकलं."

"चुकलं म्हणते वर. सोड ती. नीट सोल, तांबं तोडू नको. आता काळीला जोड, न्यूट्रलला."

कितीतरी दिवसांनी त्यांचं बोलणं कुठे अडत नव्हतं. मी कामाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही, साहेबांचंही नाही. त्या दिवशी प्रत्येक शब्द ऐकून घेतला. आणखी हवा होता. पंखा सुरू झाला, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची पट्टी धरून हवा बाहेर जाते ना ते पाहिलं आणि म्हणाले, "वांधा नाही. येईल तुला."

पुढे तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. अप्पांची एकेक गोष्ट सुटत गेली. ही मात्र राहिली. लिफ्टवाल्याला, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगायचे, "मुलगी ग्रॅज्युएट आहे, पण तिच्याकडून वायरिंग करून घेऊ नका." आई एकदा म्हणाली, "लोकांना खरं वाटतं गं." मी म्हटलं, वाटू दे.

ते गेले त्याच्या आदल्या दुपारी सयाजीगंजच्या हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्याजवळ होते. मला ओळखत नव्हते. परक्या बाईला म्हणावं तसं बेन म्हणायचे. नर्सनं मला पलंगामागचा दिवा लावायला सांगितला. मी हात उचलला तर अप्पांनी मनगट धरलं.

"राहू द्या, बेन. ते काम तुमचं नाही. माझी मुलगी पण चुकते त्यात. शिकवतोय मी तिला."

"शिकली का ती?" मी विचारलं.

त्यांनी स्विचकडे पाहिलं. मनगट सोडलं नव्हतं.

"शिकेल. हुशार आहे. पण मी जवळ पाहिजे."