रेशनच्या गव्हावरचं दळण

आमच्या गिरगावातल्या चाळीत केशरी रेशनकार्ड असायचं ते पत्त्याच्या पुराव्यासाठी. धान्य आम्ही कधी उचललं नाही, आणि जे उचलायचे त्यांच्याकडे आम्ही कसं बघायचो ते न सांगितलेलंच बरं. मी तर गिरणीवाल्याला बजावत असे, "रेशनच्या गव्हावर माझं दळण टाकू नका हं." आधीच्याचं थोडं पीठ गिरणीत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात येतं, म्हणून. तेवढ्या मूठभर पिठाने आमच्या पोळ्या बाटणार होत्या!

मग साथ आली, टाळेबंदी आली, आणि नवरा ज्या ट्रॅव्हल कंपनीत होता तिला टाळं लागलं. धुण्याभांड्याच्या बाईंना मी म्हटलं, "थोडे दिवस येऊ नका." ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. टाळेबंदी उठली, मंदी काही उठली नाही. सरकारने केशरी कार्डावरही पुन्हा धान्य द्यायला घेतलं तेव्हा नवरा चाचरत म्हणाला, "आणू या का?" मी म्हटलं, "आण, पण ऑफिसच्या बॅगेतून आण."

गहू मी दार लावून निवडले. चाळीत भरदिवसा दार लावणं हीच मोठी बातमी. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "बरं नाही का गं?" डोकं दुखतंय म्हणून वेळ मारून नेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. दळणही नेहमीच्या गिरणीत टाकलं नाही. ठाकूरद्वार ओलांडून पार पलीकडच्या गल्लीत नेलं, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं.

तिथे माझ्यामागे माझ्याच वयाच्या एक बाई उभ्या होत्या. माझ्या डब्यात डोकावून त्या गिरणीवाल्याला म्हणाल्या, "यांच्यावर माझं नको हं टाकूस. रेशनचे दिसतायत."

शब्द माझेच होते. गप्प बसता आलं असतं. पण मी चक्क हसले आणि म्हणाले, "आमच्या कामवाल्या बाईंचे आहेत हो. त्यांना वेळ नसतो, मीच दळून देते."

"अगंबाई! किती करता हो तुम्ही!" त्या एकदम ओशाळल्या. "मी आपली काहीतरीच बोलले. टाक रे, यांच्यावरच टाक माझं." आणि मला थांबवून घेऊन त्यांनी आपल्या महागाच्या सिहोर गव्हाचं ऊन ऊन पीठ एका पिशवीत भरून माझ्या हातात दिलं. "त्यांना द्या. मुलाबाळांच्या तोंडी लागेल."

मी नको नको म्हटलं, तेही सवयीने. पिशवी घेतली.

रात्री पोळ्या त्याच पिठाच्या केल्या. नवरा म्हणाला, "मऊ झाल्यात गं. रेशनचे गहू इतके चांगले?" मी त्याला सगळं सांगितलं, त्या बाईंची नक्कलसुद्धा करून दाखवली. वाटलं, हसेल.

तो हसला नाही. "मग आपल्या बाईंना नेऊन द्यायचं ना ते."

"त्या गावाला गेल्या असतील."

"असतील म्हणजे?"

त्यांना फोन मी केलाच नव्हता. त्यांचं कार्ड गावचं. इथे त्यांना धान्य मिळतं की नाही, हेही कधी माझ्या मनात आलं नव्हतं.

अन्न टाकू नये म्हणून त्याने पानातली पोळी संपवली. दुसरी वाढायला गेले तर पानावर हात आडवा धरला. "उद्या फोन कर त्यांना," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं आणि उरलेल्या पिठाची पिशवी नीट बांधून फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी फोन करायची मला लाज वाटली. काय सांगणार होते मी त्यांना? दुपारी पिशवी सोडली आणि पुन्हा त्याच पिठाच्या पोळ्या केल्या. नवऱ्याला वाढताना सांगितलं, "या रेशनच्या आहेत."