उजेडाचं बिल

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, थंडी अजिबात सोसत नसे. वाशीमच्या उन्हाळ्यात लोक अंगणात पाणी शिंपून निजत, तेव्हा हे गृहस्थ पायांवर चादर घेऊन बसत. दिवाळी सरली की डोक्यावर कानटोपी चढायची, ती होळीलाच उतरायची. गल्ली हसायची, मामाजीही हसायचे. टोपी मात्र काढत नसत.

अशा माणसाने शेकोटीजवळ बसावं, तर तेही नाही. आमचं घर जैनांचं. चुलीत घालायचं लाकूडसुद्धा आधी फरशीवर आपटून किडामुंगी झाडायची, ही आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची शिस्त. पण सांजवेळी शेकोटीवर पाखरं झेपावतात, त्यांचं काय करणार? "मायी थंडी जावी म्हून त्यायचा जीव कायले घेवाव?" असं म्हणत मामाजी कुडकुडत बसत.

मला आई नव्हती, म्हणून माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. ऐन पौषात, दिवस भरण्याआधीच मुलगी झाली, अगदी मुठीएवढी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हिला ऊब द्या. दुसरं औषध नाही." बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, तर धुराने पोरीला ठसका लागे आणि माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. मामाजींनी सरळ अकोला गाठलं आणि विजेचे तीन हीटर आणले. एक पोरीजवळ, एक बैठकीत, एक त्यांच्या खोलीत.

"धूर नाही, राख नाही, पाखरू मरत नाही!" ते सगळ्यांना दाखवत सुटले.

"अन् बिल?" आत्याबाईंनी विचारलं.

"बिल उजेडाचं येते. याचा उजेड पाह्य, उदबत्तीएवढा. कितीकसं येईन?"

घरात वीज येऊन फार काळ झाला नव्हता, त्यामुळे आम्हालाही ते पटलं. मामाजी तर काटकसर म्हणून दिवे मालवत आणि हीटरच्या लालसर उजेडात शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसत. इतकं सुखी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग बिल आलं. मामाजींनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं, शेजाऱ्याचं तर नाही ना म्हणून नाव पाहिलं. तक्रार केली, तेव्हा वीज कचेरीतला माणूस येऊन मीटर तपासून गेला. "मीटर बरोबर आहे, शेटजी. हे हीटरच सारं खाऊन राह्यले," म्हणाला.

"सारे बंद करा," आत्याबाई म्हणाल्या. "आपले लेकरं निखाऱ्यावरच वाढले."

पोर आत्ता कुठे दूध ओढायला लागली होती. मामाजी उठले. बैठकीतला हीटर काढला, स्वतःच्या खोलीतला काढला, दोन्ही पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. "पोरीचा चालू राहू द्या," म्हणाले. "मायी थंडी जुनी हाये, मले सवय हाये."

त्या हिवाळ्यात ते वरचेवर आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसत. "नातीले पाहून राह्यलो," म्हणत. हात मात्र हीटरकडे पसरलेले असत. आत्याबाईही पाहून न पाहिल्यासारखं करीत. पोर बाळसं धरू लागली. हा किस्सा मामाजी पुढे तिला स्वतःची थट्टा करून सांगत, अगदी उदबत्तीसकट.

दशक संपता संपता मामाजींनी अंथरूण धरलं. पौषातच एका दुपारी पोरीने माळ्यावरचं पोतं उतरवायला लावलं आणि हीटर त्यांच्या खाटेजवळ लावला.

"बंद कर बाई, मीटर पळून राह्यलं," मामाजी म्हणाले.

"आबाजी, बिल उजेडाचं येते," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "याचा उजेड पाहा, उदबत्तीएवढा."

मामाजी खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी हळूच कानटोपी काढून उशाशी ठेवली. होळीच्या आधी टोपी काढलेली मी त्याच वेळी पाहिली.

माघात ते गेले. बिल नंतर आलं, चांगलंच फुगलेलं. मी घाबरतच ते आत्याबाईंपुढे धरलं. त्यांनी आकडा पाहिला नाही.

"भरून टाका," त्या म्हणाल्या. "उबेत तं गेले."