विषय पक्के, व्हय म्हाराजा

देवापुढे नारळ ठेवणं सोडलेला, पत्रकं वाटून गाव जागा करायला निघालेला तरुण कॉलेजात संस्कृत घेतो, असं तुम्ही कधी ऐकलंय का? मी घेतलं.

मला हवं होतं अर्थशास्त्र. खोती कायद्यानं गेली होती, पण माणसांच्या डोक्यातून काढायची राहिली होती. ते काम शब्दरूपं पाठ करून होणार नव्हतं.

घाटावरच्या कॉलेजात विषय ठरवायला मी एकटाच जाणार होतो. पण आमच्याकडे मुलगा कॉलेजात जाणं म्हणजे होडी पाण्यात लोटणं. हात लावायला सगळे येतात. बाबा आले, काका आले आणि गावचं गाऱ्हाणं घालणारे दाजीही आले. (दाजींनी देवाकडे मोठ्यानं मागायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही रीत. तिच्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं. दाजींनी त्यात सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, बांधली.)

एस्टीत मी बजावलं, "थंय कोणी बोलाचा नाय. मीच बोलतलंय."

"आमी खयचे बोलतंव?" काका म्हणाले.

कॉलेजात विषय ठरवून देणाऱ्या प्राध्यापकांच्या टेबलासमोर आम्ही चौघं बसलो. प्राध्यापकांनी डोळे मिटले, बोटं जुळवली आणि लांब सूर लावला, "हा मुलगा आज आपल्या दारी आला आहे..."

सूर ओळखीचा होता. दाजी ताठ बसले.

"त्याला बुद्धी चांगली आहे..."

"व्हय म्हाराजा," दाजी म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"तेव्हा त्यानं संस्कृत घ्यावं..."

"व्हय म्हाराजा!" आता बाबा आणि काकासुद्धा!

"सर, मला अर्थशास्त्र..."

"मधी बोलू नको रे," काका कुजबुजले, "गाऱ्हाणा मोडतला."

"आणि जोडीला तर्कशास्त्र..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी दारातला शिपाईही. (तो आमच्याच बाजूच्या पिंगुळी गावचा निघाला.)

प्राध्यापकांनी डोळे उघडले. ते गहिवरले होते. "या टेबलासमोर घरचे लोक भांडतात हो. इतकं एकमत प्रथमच पाहतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोल बाळ, शेवटचा शब्द तुझा. संस्कृत पक्कं करू?"

मी उठलो. छाती पुढे काढली. खोती, रूढी, हांजी हांजी, सगळ्यांविरुद्धची वाक्यं जिभेवर तयार होती. तोंड उघडलं आणि लहानपणापासूनच्या सवयीनं खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

म्हणून एक विनंती. मुलाचे विषय ठरतील तेव्हा घरच्यांना एस्टी स्टँडवरच चहा पाजत ठेवा. आणि मुलगा माझ्यासारखा तत्त्वनिष्ठ असेल, तर आत पाठवताना त्याच्या तोंडात मालवणी खाज्याचा मोठा तुकडा कोंबा. निदान तोंड तरी बंद राहील.