महाराज दारू पीत नव्हते

कालिंदीचे वडील राधाकृष्ण महाराज गेले तेव्हा ती बारावीत होती. हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपनं अर्ध्या तासावरच्या गावात मारुतीच्या देवळाची पूजा त्यांच्याकडं होती. माणूस असा, की चहासुद्धा दिवसातून एकदाच. पण पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, नांदेडच्या डॉक्टरनं लिव्हरचा कॅन्सर सांगितला, आणि गावात एकच बोलणं उठलं: महाराज चोरून पीत होते.

हे बोलणं उठवलं देविदासनं. देविदास म्हणजे गावचा डॉक्टर. शिक्षण विचाराल तर तरुणपणी एका दवाखान्यात कंपाउंडर होता, तेवढंच. पण ताप असो की कंबर, त्याच्या सुईनं उतार पडतो अशी ख्याती. महाराजांनाही कंबरेसाठी वर्षानुवर्षं त्याचीच सुई. 'मी लई समजावलं, महाराजानं ऐकलं न्हाई. आतून सडलं सगळं,' असं तो ओट्यावर बसून सांगायचा. डॉक्टरच सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? महाराज अंथरुणावर असतानाच त्यांची पूजा काढून घेतली. तेराव्याला पानं वाढून ठेवलेली, जेवायला गावातलं एकही माणूस आलं नाही. आई निर्मलाबाई लेकीला घेऊन हिंगोलीला भावाच्या घरी गेली, ती परत गावाकडं फिरकली नाही.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला बाईंनी वर्गात कावीळ 'ब' शिकवायला घेतली. घरी येऊन कालिंदीनं वडिलांचे जुने कागद काढले. नांदेडच्या रिपोर्टात तिसऱ्या ओळीला लिहिलं होतं: हेपटायटीस बी, पॉझिटिव्ह. ती ओळ घरात कुणाला कळली नव्हती. हा विषाणू रक्तातून शिरतो. एकाला टोचलेली सुई न बदलता दुसऱ्याला टोचली की झालं. वीस-तीस वर्षं गुपचूप बसतो, आणि मग लिव्हर खातो. दारूचा थेंब न घेता.

देविदासच्या टेबलावरचं गरम पाण्याचं भांडं तिला आठवलं. सुई त्यात बुचकळायची, की पुढचा पेशंट.

तेव्हापासून ती पेटली. पुण्याच्या संशोधन संस्थेत पीएचडी केली, विषय हाच: खेड्यातली कावीळ 'ब' आणि लिव्हरचा कॅन्सर. पुढं सेनगाव तालुक्यातल्या वीस गावांचा अभ्यास तिच्याकडं आला. एकोणीस गावं चिठ्ठ्या टाकून निघाली. विसावं, आपलं गाव, तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. वरिष्ठांनी विचारलं, तर म्हणाली, "लोकसंख्या बराबर बसते."

गावात पहिल्या दिवशी रक्त द्यायला चारच माणसं आली. दुसऱ्या दिवशी कालिंदी सरळ देविदासच्या दवाखान्यात गेली. सत्तरीचा म्हातारा अजून सुया देतच होता.

"महाराजाची पोरगी ना तू? मोठी झाली! तुझ्या बापाला लई सांगत होतो मी, पोरी. पण आदत वाईट."

कालिंदीनं दात दाबून धरले. "काका, गाव तुमचं ऐकतं. तुम्ही शिबिरात येऊन बसा."

देविदास फुलला. शाल पांघरून आला, खुर्चीत बसला, एकेकाला हाका मारून रक्त द्यायला लावलं. तीनशे अठरा माणसं झाली. बायको रूपाबाईचंही रक्त त्यानं सगळ्यांच्या देखत द्यायला लावलं. कालिंदीनं जुन्या नोंदींचं विचारलं, तेव्हा तर त्यानं पेटीतून दहा वह्या काढून दिल्या. तारीख, नाव, दुखणं, सुई. "चाळीस वर्षांचं काम हाय. लिही तुझ्या पुस्तकात."

"लिहिते ना," कालिंदी म्हणाली.

एक्केचाळीस जण पॉझिटिव्ह निघाले. त्यातल्या छत्तीस जणांची नावं वह्यांत होती, पुन्हा पुन्हा. निकाल कालिंदीनं ज्याचा त्याला एकट्यात सांगितला, सरकारी दवाखान्यात गोळ्या चालू करून दिल्या. आणि वह्यांच्या नकला घेऊन जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं तक्रार दिली.

त्या एक्केचाळीसांत रूपाबाई होती. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी केली, तर लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ. अभ्यासासाठी कालिंदीला तिथंच खोली दिलेली होती, देविदास बायकोला घेऊन त्या खोलीत आला. फाईल तिच्यापुढं ठेवली.

"असं काहून झालं, पोरी? हिनं कुणाचं काय केलं?"

कालिंदीनं फाईल उघडली, सावकाश वाचली, आणि विचारलं, "मावशी चोरून पितात का हो?"

'चोरून पितात' हे त्याचेच शब्द तिनं चौदा वर्षं मनात घोळवले होते. म्हणताना तिला जे सुख झालं, त्याची तिला लाज वाटली नाही.

"पीत नसतील तर लिव्हर कसं सडलं? तुमचीच डॉक्टरकी ना, काका? लिव्हर सडलं म्हणजे दारू!"

रूपाबाईनं खाली घातलेली मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. "म्या सांगते. महाराज आजारी पडले तवा तुमीच घरी येऊन म्हनले होते, लोक माझ्या सुईचं नाव घेतील, त्याच्या आधी दारूचं घेतलेलं बरं."

कालिंदीला वाटत आलं होतं, की म्हातारा अडाणी होता, त्याला समजलं नसेल. त्याला तेव्हाच समजलं होतं. आणि त्यानंतर चौदा वर्षं तो सुया देतच राहिला.

गाठ काढण्यासारखी होती. पुण्याच्या सर्जनच्या नावाची चिठ्ठी कालिंदीनं रूपाबाईच्या हातात दिली. "मावशी, ही तुमची. तारीख मी घेऊन ठेवली आहे." मग देविदासकडं वळली. "तुमचं वेगळं. शनिवारी देवळासमोर यायचं."

"जुनं काहून उकरून राहिली? मी म्हातारा मानूस..."

"तुमी येनार," रूपाबाई म्हणाली. "न्हाई तर म्या ऑपरेशनला जात न्हाई."

शनिवारी देवळापुढं गर्दी होती. देविदास पायरीवर उभा राहिला आणि पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," कालिंदी खालून म्हणाली. "मोठ्यानं."

"महाराज दारू पीत नव्हते. मी खोटं बोललो."

"आणि आजार कशानं झाला?"

"माझ्या सुईनं."

"परत एकदा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

गर्दीतला एकजण कळवळला, "जाऊ दे ना ताई, म्हातारं मानूस हाय, किती जीव घेशील?"

"माझ्या बापाच्या तेराव्याला तुम्ही आला होता?" कालिंदीनं विचारलं. तो माणूस मागं सरकला. देविदासनं तिसऱ्यांदा सांगितलं, रडत सांगितलं, आणि कालिंदी समोर उभी राहून सगळं ऐकत होती.

आठवड्यानं दवाखान्याला सील लागलं, गुन्हा दाखल झाला. खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला वह्या घेऊन कालिंदी हजर असते.

रूपाबाईचं ऑपरेशन चांगलं झालं. दर तीन महिन्यांनी ती हिंगोलीला कालिंदीकडं तपासणीला येते, सोबत देविदास असतोच. पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसतो. रूपाबाई एकदा म्हणाली, "पोरी, माफ कर त्याला आता. थकला." कालिंदीनं तिचा रक्तदाब घेतला, गोळ्या समजावून सांगितल्या, पुढची तारीख लिहिली. तपासणी झाली की पेशंटच्या माणसाला आत बोलावून सगळं सांगायची तिथं पद्धत आहे. कालिंदी त्याला बोलावत नाही.