आठवी ‘ब’चं स्पूल

नरसय्या गेल्याचा फोन त्याच्या मुलीचा, सुनंदाचा. “काका, बाबा सकाळी गेले,” एवढंच ती म्हणाली. सांगायला लाज वाटते, पण दुःखाच्याही आधी मनात आलं, की आता सांगायचं राहूनच गेलं... सत्तावीस वर्षं आम्ही एका शाळेत शिकवलं, मधल्या सुट्टीत एका बाकावर बसून त्याची कडक भाकरी आणि माझी शेंगाचटणी वाटून खाल्ली, पण एक वाक्य मला त्याच्याशी बोलता आलं नाही. ते आज लिहितो आहे.

तो भूगोल शिकवायचा, मी विज्ञान. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला स्पूलचा टेपरेकॉर्डर भेट दिला आणि तो प्रयोगशाळेत माझ्या ताब्यात आला. वर्षातून एक-दोन भाषणं टेप करायची आणि मग त्यावर कापड घालून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. एक दिवस नरसय्या येऊन म्हणाला, “कुलकर्णी, ही पेटी मला दे. पोरांना सोलापूर ऐकवतो.”

“रोज ऐकतातच की ती!”

“ऐकतात कुठं? नुसतं कानावर पडतं.”

आठवी ‘ब’च्या त्याने आठ टोळ्या केल्या. एकाने प्रश्न विचारायचे, एकाने माईक धरायचा, एकाने वहीत टिपायचं, बाकीच्यांनी गल्लीचा नकाशा काढायचा. कामं दर खेपेला बदलायची, म्हणजे कुणी नुसतं पेटी वाहणारं उरत नसे. ती जड पेटी दोघं दोघं मिळून उचलून कापडाचे माग चालणाऱ्या शेडमध्ये नेत, टांग्यांच्या अड्ड्यावर नेऊन तिथल्या हॉटेलातून वीज घेत. मग वर्गात डोळे मिटून सगळ्यांनी ऐकायचं आणि गल्ली ओळखायची. जी मुलं वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसलेली, तीच ओरडायची, “सर, ह्यो आमच्या शेजारचा माग हाय! त्याचा एक ठोका चुकतोय बघा.” मी दारात उभा राहून ऐकायचो. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. माझ्या तासाला इतकी शांतता कधी झाली नव्हती.

शेवटची टोळी नरसय्याच्याच घरी गेली. घरात वीज नव्हती, म्हणून शेजारून वायर ओढली. त्याची आई सुपात पानं घेऊन विड्या वळता वळता मुलांशी बोलली, निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत. आठही टोळ्यांचं काम एका स्पूलवर होतं. पुढच्या शनिवारी सगळ्या आयांना शाळेत बोलावून ते ऐकवायचं ठरलं. त्यांतल्या बऱ्याच जणी शाळेची पायरी पहिल्यांदाच चढणार होत्या.

मधेच स्नेहसंमेलन आलं. पाहुण्यांचं भाषण टेप करायचं होतं. वर्गात एकदा ऐकून झालं की फळ्यासारखंच पुसायचं आणि पुन्हा वापरायचं, ही माझी पद्धत, कारण शाळेकडे स्पूलं दोनच होती. शनिवारचा बेत मला माहीत होता. तरी घाईत, डबीवर काय लिहिलंय ते न बघता, मी हाताला लागलं ते स्पूल चढवलं. मी स्वतः. नंतर टेप सुरुवातीला आणून स्पूल पेटीवरच राहू दिलं आणि सवयीप्रमाणे रिकाम्या डबीवर चिठ्ठीही चिकटवली... ‘स्नेहसंमेलन, भाषण’.

शनिवारी तीस-चाळीस बाया सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या. आठवी ‘ब’ने बटण दाबलं आणि पाहुणे गरजले, “आजचा विद्यार्थी हा उद्याचा नागरिक...” क्षणभर कुणाला काही कळेना. मग नरसय्याची आई म्हणाली, “अवो मास्तर, ह्यो तर बाप्या बोलतुया! माजा आवाज कुटं गेला?” बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नरसय्या हसला नाही. तो मुलांकडे बघत होता.

हेडमास्तरांनी मला विचारलं. मी म्हणालो, “कोरं स्पूल लावायला मुलांना सांगितलं होतं, सर. त्यांनी घोळ केला.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुणी काही बोलायच्या आत नरसय्या पुढे झाला. “मुलं माझी. चूक माझी.” पेटी कपाटात गेली, किल्ली माझ्याकडे राहिली. पुन्हा त्याने ती मागितली नाही. पुढच्या वर्षी त्याची आई गेली. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मात्र त्याने नेहमीसारखी भाकरी मोडून निम्मी माझ्यापुढे ठेवली होती. त्याला काही कळलं नसावं, असं मी पन्नास वर्षं धरून चाललो.

परवा त्याच्या घरी गेलो. खुर्चीवर त्याचा चष्मा तसाच होता. सुनंदाने कपाटातून एक डबी काढली. शाळेने मोडीत टाकताना नरसय्याने मागून घेतलेली. वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी. सुनंदाने ते सगळं कुठूनसं मोबाईलवर उतरवून घेतलं होतं. “भाषण संपल्यावर शेवटी थोडी आजी राहिली आहे, काका. बाबा रोज तेवढीच ऐकायचे. म्हणायचे, कुलकर्णीने बटण लवकर बंद केलं, म्हणून एवढी तरी आई उरली.”

बटण मी लवकर बंद केलं होतं ते चहा आला म्हणून.

आठवी ‘ब’तली तुम्ही मुलं आता साठी ओलांडलेली असाल. ते स्पूल मी चढवलं होतं. तुम्ही काहीही केलं नव्हतं. हे मी तेव्हाच, तुमच्या आयांसमोर, सांगायला हवं होतं.

सुनंदाने ते मलाही पाठवलं आहे. रोज ऐकतो. पाहुणे बोलत असतात, मग मधेच खट् असा आवाज येतो... तो माझ्या बोटाचा. आणि त्याच्या लगेच पुढे नरसय्याची आई, अर्ध्या वाक्यापासून, “...तर ऱ्हाऊ द्या की. आधी सांगा, जेवलात का रं समदी?” मुलं एका सुरात “व्हय” म्हणतात. त्यात नरसय्याचं हसू आहे, तिशीतलं. मग टेप संपते.